मी पुसून टाकलेला वैभवचा आवाज

लाईट बंद करून, पांघरूण गळ्यापर्यंत ओढून वाचायले बसले असाल तं आधी उठा. लाईट लावा. चहा ठेवा. याच्यात पांढरी साडी नाही, चिंचेचं झाड नाही, अमावस्या तं बिलकुलच नाही... दुपारचे साडेतीन वाजले होते, एसी चालू होता, अन् बाहेर पार्किंगमदे एक काका गाडी लावण्यावरून वॉचमनसंग भांडून राहिले होते. अशा माहोलात कोणतं भूत येते? मीबी हेच म्हणत होतो.

अन् माह्या विश्वासाचं म्हणाल तं... परतवाड्याले शाळेत होतो तवा आमच्या गल्लीत जे भूत होतं नं, ते मीच होतो. खरंच. भिंतीमागून म्हातारीचा आवाज काढायचा अन् पोट्टे कसे पळतात ते पाहायचं. एकदा तं हेडमास्तरचा आवाज काढून अख्ख्या वर्गाले सुट्टी देऊन टाकली होती — मंग त्यायनं माह्या पाठीचं काय केलं ते सोडा. तं ज्यानं स्वतः भुताची ड्युटी केली, तो भुताले काय मानते?

मी मंगेश. सगळे मंग्या म्हणतात. अमरावतीत एका दवाखान्यात सीटी टेक्निशियन आहे. नाव नाही सांगत, नोकरी करायची आहे अजून. हायवेवरचे सगळे अॅक्सिडेंट आमच्याचकडं येतात. सीटीची मशीन पाहिली नसन तं सांगतो — मोठ्ठा मेदूवडा उभा ठेवल्यासारखी असते, अन् पेशंटले पलंगासकट त्याच्या भोकातून आत-बाहेर करतात. आमी बाजूच्या खोलीत काचेमागं कॉम्प्युटरवर बसतो.

आता मुद्दा. छातीचे-पोटाचे फोटो काढताना पेशंटनं दम रोखून धरा लागते, नाही तं फोटो हालते. हे सांगाचं काम मशीनच करते. "टिंग" वाजते, मंग रेकॉर्ड केलेला आवाज येते — श्वास घ्या, रोखा, सोडा. कंपनीनं हिंदी दिली होती. ती बाई अशी बोले जशी गाडी तीन घंटे लेट असल्याचं सांगून राहिली. खेड्यावरच्या आज्यायले काहीच समजेना. "साँस रोकिए" आलं का आजी उठून बसे — "कोन आलं बाप्पा?" झालं, फोटो खराब.

म्हणून आमचे सर म्हणाले — सर म्हणजे फोटो वाचणारे डॉक्टर — का आपणच मराठीत रेकॉर्ड करू, मशीनमदे सोय आहे.

मले सांगा, ज्या दवाखान्यात मंग्या आहे तिथं आवाजाचं काम निघालं तं ते कोणाले भेटाले पाहिजे? मी चौदा आवाज देले सरायले. पुढाऱ्याचा देला, कंडक्टरचा देला, बातम्यावाल्या बाईचा देला, खुद्द सरायचा देला. सर पोट धरून हसले. डोये पुसले. अन् म्हणाले, "वैभव, तू बोल रे एकदा."

वैभव म्हणजे माह्यासंगचा दुसरा टेक्निशियन. अकोल्याचा, जठारपेठेतला. घुमा पोट्टा. दिवसभरात वीस शब्द बोलन तं शपथ. तो माइकपाशी आला, घसा खाकरला अन् म्हणाला —

"घाबरू नका जी. मोठा श्वास घ्या... रोखून धरा... आता सोडा."

बस. एका दमात पास. माहे चौदा गेले कचऱ्यात, अन् त्याचा एक लागला मशीनले.

तवापासून मी जळतो. लपवून काय करू, या भुताच्या गोष्टीयच्या पानावर सगळे खोट्या नावानं लिहितात, मी खऱ्यानं लिहून राहिलो तं खरंच लिहितो. पेशंट बाहेर आला का विचारे, "आतमदे तो पोट्टा कोन होता जी? मोठा गुनाचा वाटला." एक म्हातारी तं चप्पल घालता घालता म्हणे, "त्याचं लगन झालं काय?" त्याच्या *आवाजाले* स्थळ आलं, बाप्पा! अन् मी, जित्ता-जागता, इस्त्रीचा शर्ट घालून, तिच्याच फोटोचं पाकीट हातात घेऊन तिथंच उभा. काम करताना दिवसातून चाळीस वेळा त्याचं ते "घाबरू नका जी" ऐकायचं... चुना जास्त झालेला खर्रा गाल कसा आतून सोलत जाते, तसं होये मले.

त्या दिवशी वैभव सुट्टी करून अकोल्याहून दुपारच्या ड्युटीले येणार होता. सकाळी मशीन खाली होती. मी सेटिंगमदे गेलो. मराठी. डिलीट. मशीननं विचारलं, नक्की काय? मी म्हटलं, नक्की. अन् त्याच्या जागी माहा आवाज भरला. नक्कल-बिक्कल नाही, माहा सरळ आवाज. "श्वास घ्या. रोखा. सोडा." तीनदा भरला, तिसरा ठेवला.

पहिली पेशंट आजीच होती. मी काचेमागून कान टवकारून. झालं, आजी उठली, पदर सारखा केला, चप्पल घातली, गेली. एक शब्द नाही. ना चांगला ना वाईट. दुसऱ्यानं नाही, तिसऱ्यानं नाही. मंग मी ठरवलं, वैभव आला का त्याच्यासमोर एखादा पोटाचा पेशंट घेईन. त्याचं तोंड पाहाचं होतं मले. दोन वाजतापासून वाट पाहून राहिलो होतो.

साडेतीनले आला वैभव. स्ट्रेचरवर.

बडनेऱ्याच्या अलीकडं कुत्रं आडवं आलं, गाडी घसरली, हँडलवर पडून तो रस्त्यावर फेकला गेला. आणणाऱ्या माणसायनं एवढंच सांगितलं. हेल्मेट होतं म्हणून कवटी शाबूत, पण हनुवटी फाटलेली, दोन उलट्या झालेल्या, अन् झोपेत असल्यासारखा. हाक मारली का "हं" म्हणे, पुन्हा डोये मिटे. सगळा दवाखाना धावला. कॅन्टीनवाला धावला. रजनी सिस्टर, ज्यायनं आजपर्यंत कोणासाठी पाऊल जोरात टाकलं नाही, त्या पळत आल्या.

अन् माह्या मनात पहिला विचार काय आला, सांगू? देवाचा नाही. त्याच्या आईचा नाही. मले वाटलं — *आताबी सगळे याच्याच मागं.* एक सेकंदच आला तो विचार. पण आला.

कॅज्युअल्टीच्या मॅडम पुण्याकडच्या. हुशार, फटाफट काम. त्यायनं बीपी पाहिलं, पोटाची सोनोग्राफी जागच्या जागी करून पाहिली, अन् कागद माह्या हातात देला — "डोकं आणि मान. लगेच."

रजनी सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, फुल बॉडी नाही करायची?"

मोठ्या अॅक्सिडेंटवाल्याले आमी डोक्यापासून मांडीपर्यंत एकाच दमात काढतो, त्याले फुल बॉडी म्हणतात. कुठं काय फुटलं ते दोन-चार मिनिटांत समजते. पण सगळ्यायचीच नाही करत. रेडिएशन किती जाते, नसेतून औषध सोडा लागते, अन् पेशंट टेबलवर असताना काही झालं तं हात लावता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "सोनोग्राफी स्वच्छ आहे, बीपी चांगलं आहे. आपलाच मुलगा आहे, उगाच कशाला एवढं? लक्ष ठेवू आपण."

बरोबरच होतं त्यायचं. मी असतो तं मीबी हेच म्हटलं असतं.

वैभवले टेबलवर घेतलं. गळ्याले पट्टा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मी लेझरची लाईन त्याच्या कपाळावर जुळवत होतो तं त्यानं अर्धवट डोये उघडले. मले वाटलं पाणी मागन, आईले फोन कर म्हणन...

"सरळ लावजो बे," म्हणे.

मरायले टेकला तरी मलेच शिकवन!

मी बाहेर काचेमागं आलो. रजनी सिस्टर माह्या बाजूले उभ्या. आता एक गोष्ट सांगतो ती दवाखान्यात कोणाले सांगू नका. वैभवले तसं पाहून राहवलं नाही, म्हणून मी काचेमागं येता येता अर्धी खर्ऱ्याची पुडी गालात कोंबली होती. खर्रा म्हणजे तंबाखू-सुपारी-चुना घोटलेला, आमच्या वऱ्हाडात तोंड बंद ठेवाचं औषध. दवाखान्यात सापडला तं घरी पाठवतात. अन् तोंडात खर्रा असताना माणूस बोलू शकत नाही. बोलला तं समोरच्याच्या शर्टावर बोलते. हे ध्यानात ठेवा.

डोक्याचे फोटो झाले. स्वच्छ. मानेचे सुरू केले. डोक्या-मानेच्या फोटोत मशीन बोलतच नाही. दम रोखायची गरजच नसते, त्या प्रोग्रामले आवाज जोडलेलाच नाही. वर्षभरात एकदाबी बोलली नाही.

टिंग.

"घाबरू नका जी."

मले वाटलं माह्या डोक्यातच वाजून राहिलं.

"मोठा श्वास घ्या..."

वैभवचा आवाज. मास्कमागचा, घोगरा, आताचा नाही — तो स्वच्छ, शांत, चाळीस वेळा ऐकलेला. मी सकाळी स्वतःच्या बोटानं पुसलेला.

"रोखून धरा..."

अन् आतमदे, काचेपलीकडं, झोपेतल्या वैभवनं ऐकलं. त्याची छाती वर आली. मोठा श्वास घेतला त्यानं, आपल्याच आवाजाचं ऐकून — अन् असा ओरडला का मास्क अन् काच दोन्हीमदून बाहेर आला आवाज. उजवा हात उचलला अन् डावा खांदा पकडला.

"आता सोडा" आलंच नाही. मी वाट पाहून राहिलो होतो. नाही आलं.

माह्या पाठीवर फाडकन बसली. रजनी सिस्टर. "मंग्या! लाज नाही वाटत काय रे तुले? तो तिथं मरून राहिला अन् तू माइकवर त्याच्या नकला करून राहिला?"

मी काय बोलू? तोंड भरलेलं. मी नुसती मान हालवली — नाही, नाही. त्यायले वाटलं माफी मागून राहिला.

पण तेवढ्यात त्या थांबल्या. काचेतून वैभवकडं पाहिलं. त्यायची नोकरी माह्या वयापेक्षा जास्त. म्हणाल्या, "खांद्याले तं काहीच लागलं नाही याच्या. शर्ट काढला तवा मी पाहिला खांदा... अन् श्वास घेतल्यावर खांदा दुखते?" अन् दरवाजा ढकलून त्या मॅडमले बोलवाले पळाल्या.

मॅडम आल्या. वैभवले म्हणाल्या, "पुन्हा मोठा श्वास घे." त्यानं घेतला, पुन्हा तोच खांदा पकडला. मॅडमचा चेहराच बदलला. मले नंतर समजलं का डाव्या बरगडीखालची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, फाटून रक्त वर श्वासाच्या पडद्याले लागलं का दुखते मात्र खांद्यात. "औषध लावा. फुल बॉडी. आत्ता."

मी पटकन कचऱ्याच्या डब्यात थुकलो अन् बसलो कीबोर्डवर. छाती-पोटाचा प्रोग्राम लावला. टिंग. "श्वास घ्या. रोखा. सोडा." माहा आवाज. सकाळी भरलेला, कोरडा, सोसायटीच्या खिडकीतल्या क्लार्कसारखा. रजनी सिस्टरनं माह्याकडं पाहिलं, मंग स्पीकरकडं पाहिलं. 

फोटो आले. पोट रक्तानं भरत होतं. हँडल बसलं होतं बरगडीखाली, स्प्लीनचे दोन तुकडे. सोनोग्राफी केली तवा रक्त दिसाइतकं नव्हतं, आता होतं. अर्ध्या घंट्यात वैभव ऑपरेशनमदे. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, डोकं-मान करून वॉर्डात झोपवला असता तं संध्याकाळ नसती पाहिली त्यानं.

सगळे माह्याकडं पाहाले लागले.

मॅडमनं मले बाजूले घेतलं. "पेशंट टेबलवर असताना असला फाजीलपणा पुन्हा केलास तर त्याच दिवशी घरी जाशील. कळलं?" अन् जाता जाता, "पण तुझ्या त्या फाजीलपणामुळेच कळलं. थँक यू."

सांगाचं होतं मले. म्हणाचं होतं, मॅडम, मी नव्हतो. पण मंग पुढचं सांगा लागलं असतं — का आवाज मशीनमदे नव्हताच, अन् तो काहून नव्हता. कोणी पुसला. कशापायी पुसला. मी "यस मॅडम" म्हटलं.

मंग झालो नं मी हिरो! वैभवची आई अकोल्याहून आली. काकूनं माह्या तोंडावरून हात फिरवला अन् बोटं मोडले. "तुह्या मजाकीनं माहा पोट्टा वाचला रे बाबू." रोज एक डबा वैभवचा, एक माहा. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, वर जवसाची चटणी. आठ दिवस खाल्ला मी तो डबा. पहिल्या दिवशी लय गोड लागला. आठव्या दिवशी अर्धी भाकर तशीच ठेवली.

अन् तुमाले वाटन, आता तरी याची जळन गेली असन. नाही गेली! उलटी वाढली. मी जल्मभर आवाज काढले, कोणी एक नाही मानला. अन् जो आवाज मी काढलाच नाही, तोच माह्या नावावर सगळ्यायले पटला. माह्या आयुष्यातली सगळ्यात मोठी नक्कल, अन् तीबी वैभवचीच, अन् तीबी त्यानंच केली!

दरम्यान मशीनवाला इंजिनिअर दुसऱ्याच कामासाठी आला होता. त्याले चहा पाजून विचारलं, डिलीट केलेला आवाज मशीन वाजवू शकते काय? म्हणे, "दादा, डिलीट म्हणजे डिलीट. अन् मानेच्या प्रोग्रामले आवाज जोडलेलाच नाही तं वाजन कसा?" त्याच्यासमोर यादी उघडून पाहिली. मराठीत एकच आवाज. माहा. मंग म्हटलं, वैभवच बडबडला असन काय, अन् आतल्या माइकमदून इकडं आलं असन? पण आतला माइक मी लावलाच नव्हता. अन् टिंग कोणी वाजवलं? अन् स्वतःच बोलून स्वतःच श्वास घेते काय कोणी?

महिन्यानं अकोल्याले गेलो. वैभव जठारपेठेतल्या घरी गादीवर बसून क्रिकेट पाहून राहिला होता. काकू भाजी आणाले गेल्या होत्या. मी दार लावलं अन् सगळं सांगून टाकलं. पुसल्यापासून तं डब्यापर्यंत.

तो टीव्हीकडंच पाहत होता. म्हणे, "मले तं काहीच याद नाही. बडनेरा आठवते. मंग एकदम टाके."

"अबे, मी तुहा आवाज डिलीट केला, हे ऐकलं नं तू?"

"ऐकलं नं. बरं केलं. मले माहाच आवाज ऐकून कसंतरीच होये. मी सरायले म्हननारच होतो, मंग्याचा टाका म्हनून."

"वैभ्या... भांड नं लेका माह्यासंग!"

"टाके दुखतात बे," म्हणे. अन् रिमोटनं आवाज वाढवला.

सांगा आता. अशा माणसावर जळाचं तरी कसं? भांडला असता तं निदान बरोबरी झाली असती. निघताना दारात काकू भेटल्या, पिशवीतून दोन संत्रे काढून माह्या खिशात कोंबले. तेबी घेतले मी.

बडनेऱ्यापर्यंत डोक्यात एकच — ज्यायनं माह्यासंग ऐकलं त्यायले तरी खरं सांगावं. दुसऱ्या दिवशी रजनी सिस्टर ड्रेसिंगची ट्रॉली लावत होत्या, तिथं गेलो.

"सिस्टर, त्या दिवशीचा आवाज... तो मी नव्हतो काढला."

त्यायनं वर पाहिलं नाही. "तूच काढला."

"नाही नं जी. देवाशपथ. मले बोलताच येत नव्हतं. तोंडात खर्रा होता, अन् मशीनमदला त्याचा आवाज तं मी सकाळीच पुसला होता."

आता पाहिलं. कात्री ट्रॉलीवर ठेवली. "खर्रा? मशीनपाशी? पेशंट टेबलवर, अन् तुह्या तोंडात खर्रा?" अन् माहा कान त्यायच्या हातात. "तुही माय तिकडं परतवाड्यात सांगत असन, पोरगा मोठ्या मशीनवर हाय! हे करतं काय मोठ्या मशीनवर? अन् त्या बाईचे डबे कोन्या तोंडानं खाल्ले? त्याच तोंडानं नं? अन् त्या पोट्ट्याचा आवाज कायले मिटवला, त्यानं काय तुह्या ताटातलं ओढलं होतं?"

"चुकलं सिस्टर. पण मंग तो आवाज..."

"तूच काढला!" आवाज एकदम खाली आला त्यायचा. "ऐक मंग्या. महिन्यातून दहा नाईट मी त्या मशीनपाशी काढते. एकटी. पेशंट नसला का तिच्याच समोर खुर्ची टाकून बसते. तं त्या दिवशी म्या जो आवाज ऐकला, तो तुहा होता. समजलं? म्हन."

"काय म्हणू?"

"म्हन, मी काढला."

"मी काढला, सिस्टर."

"मोठ्यानं."

"मी काढला!"

ड्रेसिंगचे दोन पेशंट माना वळवून पाहाले लागले. सिस्टरनं कान सोडला. कात्री उचलली, पट्टी कापाले लागल्या.

"पुन्हा कोनापाशी 'मी नव्हतो' म्हनलं तं थोबाड फोडीन. अन् खर्रा दिसला तं मॅडमपाशी नेईन. जाय आता, तोंड धू..." मी दारापर्यंत गेलो असन. "अन् आयक! संध्याकाळी जाशीन तवा त्या स्पीकरची पिन काढून जाजो."